कॅनडाचे पंतप्रधान आणि मी

आमच्या वसतिगृहात दरवर्षी पंतप्रधान निवडला जाई, आणि तो चिंचोक्यांनी. उभ्या राहिलेल्या मुली भिंतीकडे तोंड करून बसत, प्रत्येकीच्या पाठीमागे एक पितळेची वाटी, आणि बाकीच्या मुली ओळीने येऊन ज्या मुलीला मत द्यायचं तिच्या वाटीत चिंचोका टाकत. मतदान गुप्त असतं, असं वसतिगृह चालवणाऱ्या अक्का दरवर्षी बजावून सांगत. पण पितळेच्या वाटीत चिंचोका पडला की टण्‌कन वाजतो, त्यामुळे पाठमोरं बसूनही आपली मतं मोजता येत. मी आठवीत होते त्या वर्षी माझ्यामागे इतकी वाजली की मोजता मोजता मी चुकले आणि शेवटी मोजणंच सोडून दिलं. पंतप्रधानाच्या हाताखाली आरोग्यमंत्री, म्हणजे नखं आणि उवा, स्वच्छतामंत्री, म्हणजे मोरी, आणि अन्नमंत्री. या शेवटच्या खात्यासाठी दरवर्षी भांडणं होत, कारण भाताच्या पातेल्याची खरवड वाटायचा हक्क त्या मंत्र्याकडे असे. पंतप्रधानाकडे खाण्यासारखं काही नव्हतं. त्याच्याकडे नुसता अधिकार होता, आणि मला तोच हवा होता. हे लिहिताना लाज वाटते, पण या प्रकरणात लाज वाटण्यासारखं अजून बरंच आहे, तेव्हा सुरुवातीलाच ती सगळी संपवून चालणार नाही.

वसतिगृह पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे. पेठ, सुरगाणा, हरसूल अशा डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेल्या आम्ही मुली, घरी कोकणी बोलणाऱ्या. ही समुद्राकाठची कोकणी नव्हे, आमची डोंगरातली निराळी. शाळा गल्लीच्या पलीकडे होती. राहणं, जेवणं, निजणं इथे. सगळा कारभार अक्कांचा. अक्का लग्न न करता राहिलेल्या. त्यांचं घराणं नदीकाठच्या उपाध्यायांचं, यात्रेकरूंची श्राद्धं-पिंडदानं करणारं. त्या म्हणत, "माझ्या वडिलांनी लोकांच्या पितरांना जेवू घातलं, मी लोकांच्या लेकरांना घालते. लेकरं निदान पुन्हा मागतात तरी." त्यांच्याबरोबर त्यांचे थोरले भाऊ राहत. त्यांना सगळे भाऊच म्हणत. ते निवृत्त मास्तर होते आणि निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी सांगितलं नसावं असे वागत. दोघं तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत आणि सहावीपासून मीही जवळजवळ तिथलीच झाले होते. अभ्यासात बरी, अक्षर चांगलं, आणि अक्कांचे पाय दुखत तेव्हा तेल कोमट करून आणायचं कधी सांगावं लागत नसे. अक्कांनी मला पोटच्या पोरीसारखं केलं. त्यांच्याविषयी मी इथे जे लिहीन ते वाचून कोणी त्यांना वाईट म्हणेल तर ते मला आवडणार नाही.

त्या दोन खोल्यांची सकाळ स्टोव्हने सुरू होई. अक्का पिन मारून, पंप मारून, दोनचार शब्द सुनावून तो पेटवत, मग त्याची ती एकसुरी घरघर, तिच्यावर भाऊंच्या रेडिओतल्या बातम्या, आणि खिडकीतून नदीकडच्या देवळांच्या घंटा. थोड्या वेळाने भाजीबाजाराकडे निघालेल्या गाड्यांचा कलकलाट मिसळे. वरच्या मजल्यावर मुलींना सकाळी सुकडी मिळे. मला खाली मेतकूट-भात आणि त्यावर तुपाची धार. पहिल्यांदा मेतकूट दिलं तेव्हा ते औषध आहे असं समजून मी डोळे मिटून गिळलं होतं. अक्का हसून हसून ठसकल्या होत्या. घरी नागलीची भाकरी, भाजलेल्या उडदाचं घट्ट वरण, खुरासणीची चटणी. तीही मला आवडे, पण वर्षभरात मी ती आवडते असं म्हणायची बंद झाले. कोणी बंद केलं नव्हतं. मीच.

अक्का मुलीला दाखल करून घेत तेव्हा आधी केस कापत, मग न्हाऊ घालत आणि मग नाव बदलत. आमच्याकडे वारावरून नावं ठेवतात. मी मंगळवारची, म्हणून मंगळी; अक्कांनी माझी मंगला केली. बुधीची बोधना झाली, सोमीची सुमन. "नाव कसं ठसठशीत हवं, उद्या कचेरीत कोणी हाक मारली तर मान वर करून ओ देता आली पाहिजे," असं त्या म्हणत, आणि यात त्यांना काडीचाही अपमान दिसत नसे. नावानंतर 'ण'. आमच्या तोंडात 'ण' नाही. आम्ही 'पानी' म्हणायचो, 'कोन' म्हणायचो. अक्कांचं ठाम मत होतं की माणसाच्या एका अक्षरावरून त्याला खुर्ची द्यायची की उंबऱ्याबाहेर उभं करायचं हे नाशिकातला माणूस ठरवतो. त्यांचं मत खोटं नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर आम्ही साठसत्तर मुली जीभ उलटी वळवून टाळूला लावत असू आणि एका सुरात म्हणत असू, बाण, कोण, पाणी, लोणी, गाणी. रस्त्याने जाणारे लोक थांबून ऐकत. मला 'ण' सगळ्यांत आधी आला. आला तेव्हा अक्कांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली, आणि त्या दिवसापासून मला दुसरीचा 'न' ऐकू आला की भातात खडा लागावा तसं होऊ लागलं.

आता कॅनडा. भाऊंना एक छंद होता. ते निरनिराळ्या देशांच्या दूतावासांना पत्रं लिहीत, 'कृपया आपल्या देशाविषयीची माहिती विनामूल्य पाठवावी', आणि खरोखर जाडजूड पाकिटं येत. त्यातल्या गुळगुळीत कागदाची आमच्या वह्यांना कव्हरं होत. माझ्या गणिताच्या वहीवर बर्फाचा डोंगर होता आणि तो पोस्टाच्या वासाचा होता. नव्या पंतप्रधानाने शपथ घेताना 'माझा आदर्श' या विषयावर भाषण करायचं अशी प्रथा होती. दरवर्षी तीच दोनतीन नावं ऐकून भाऊ कंटाळले होते. त्यांनी मला एक पुस्तिका दिली. आत एका नाकाड्या, कुरळ्या केसांच्या माणसाचं चित्र होतं. कॅनडा देशाचे फार जुने पंतप्रधान. "हा बघ. लहानपणी बोटीतून परक्या मुलखात आला आणि त्या मुलखाचा पंतप्रधान झाला. तूही एस.टी.तूनच आलीस की," भाऊ म्हणाले. पुस्तिका इंग्रजीत. भाऊ वाचत आणि मराठीत सांगत, मी लिहून घेई. त्यांनी तुकड्यातुकड्यांचा देश एक केला, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत रेल्वे नेली. आणि पुढे एकच ओळ होती. अरण्यातल्या लोकांच्या मुलांना शिकवून शहाणं करावं म्हणून त्यांच्या काळात निवासी शाळा निघाल्या. "म्हणजे आपल्यासारख्याच," भाऊ म्हणाले. मी विचारलं, मुलं घरी का नाही शिकायची? भाऊंनी चष्मा काढला. "घरी राहिलं की मूल घरचंच राहतं. आईबापांपासून दूर ठेवलं की लवकर शिकतं. हे त्यांनी ओळखलं." हे पुस्तिकेत होतं की भाऊंच्या मनचं, हे मला आजही माहीत नाही. मी मात्र ते अधोरेखित करून ठेवलं.

भाषण झकास झालं. त्यात मी ठणकावून सांगितलं की हे थोर पुरुष अत्यंत निर्व्यसनी होते. माझ्या नातीमुळे परवा कळलं की ते पिण्याबद्दल त्यांच्या देशात फार प्रसिद्ध होते. भाऊंनी मुलींच्या कानावर नको म्हणून तो परिच्छेद गाळला असणार. नात तिकडे शिकायला गेली आहे. फोनवर व्हिडिओ लावून तिने मला एक मोकळा चौथरा दाखवला. "आजी, हे तुझे ते पंतप्रधान. होते म्हणजे. इथून त्यांना उतरवलंय." मी विचारलं, का गं? मग तिने सांगितलं. त्या शाळांत मुलांना आईबापांपासून तोडून नेत, घरची भाषा बोललं की शिक्षा करत, आणि कितीतरी मुलं परत घरी आलीच नाहीत. लोकांनी त्यांच्यासाठी एका मोठ्या इमारतीच्या पायऱ्यांवर लहान लहान बूट मांडून ठेवले होते, तेही तिने पाहिले होते. "काही लोक म्हणतात, त्यांनी देश उभा केला, पुतळा ठेवा. तुला काय वाटतं?" मी म्हटलं, इथे दूधवाला आलाय, नंतर बोलू. दूधवाला आला नव्हता. त्या पंतप्रधानांचं नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही. ज्याला हवं तो शोधून काढील, आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही.

शपथेनंतर मुलींनी माझं नाव 'कॅनडा' ठेवलं. मी जिन्यात दिसले की "कॅनडा आली, कॅनडा आली" अशी कुजबुज होई आणि सगळ्या गप्प बसत. मला ते मानाचं वाटे. मी एक वही केली, तिच्यावर 'भाषा' असं ठळक लिहिलं. जी मुलगी घरची भाषा बोलेल किंवा 'ण'चा 'न' करील, तिचं नाव आणि तो शब्द वहीत. आधी शिक्षा म्हणून अंगण झाडायला लावत होते, पण डोंगरातल्या मुलींना अंगण झाडणं ही काय शिक्षा. मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बुधवारी नदीकाठी बाजार भरे. आमची आईबापं काही विकायला, काही घ्यायला बाजाराला आली की दुपारी फाटकाशी येत. अर्धा तास भेट असे. आई फडक्यातली भाकरी सोडी, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवी, आणि त्या अर्ध्या तासाने माझी आठवडाभराची मेहनत पाण्यात जाई. बुधवारी संध्याकाळी अख्खं वसतिगृह कोकणीत बोले. मी अक्कांना सुचवलं, ज्या मुलीचं नाव वहीत असेल तिची त्या बुधवारची भेट बंद.

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "आईला भेटू द्यायचं नाही? मंगला, हे जरा जास्तच होतंय गं." मी म्हटलं, "अक्का, कॅनडात असंच करतात." करतात, असं वर्तमानकाळात म्हणाले. भाऊ आतून म्हणाले, "प्रयोग करून बघायला काय हरकत आहे? पोरीच्या डोक्यात कल्पना आलीय तर." अक्का पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. प्रयोग यशस्वी झाला. महिन्याभरात जेवणाच्या ओळीत कोकणी ऐकू येईनाशी झाली. खरं तर काहीच ऐकू येईनासं झालं. वसतिगृहाला पैसे देणाऱ्या संस्थेचे लोक पाहायला आले तेव्हा शांतता बघून खूश झाले.

त्याच वर्षी माझी धाकटी बहीण सुकरी पहिलीत दाखल झाली. शुक्रवारची म्हणून सुकरी. अक्कांनी तिची सुलभा केली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि मराठी म्हणाल तर 'जय हिंद' एवढंच. पहिल्या दिवशी ती माझा झगा धरून माझ्यामागे जिन्यातून वरखाली फिरली. कोकणीत सारखं विचारत होती, हे काय, ते काय. मी उत्तर दिलं नाही. मला उत्तर येत होतं. सगळ्या मुली बघत होत्या, की कॅनडाच्या बहिणीला वेगळा नियम आहे का. मी तिला मराठीत सांगितलं, "झगा सोड." तो शब्द तिला कळला नसेल, पण तिने झगा सोडला. पुढे ती लांबून माझ्याकडे बघे. मी बघतेय असं दिसलं की हसे, आणि हसताना तोंडावर हात ठेवी, कारण दात नव्हते.

सुगी संपली आणि थंडी पडली. एका मंगळवारी जेवताना सुकरीला ठसका लागला. खाता खाता डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने माझ्याकडे बघून हात पुढे केला आणि म्हणाली, "पानी." एवढंच. माझ्या हाताखालच्या मुलीने पेन्सिल काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी नको अशी मान हलवली असती तर तिने पेन्सिल ठेवून दिली असती. खरं तर ती त्याचीच वाट बघत असावी. मी म्हटलं, "लिही." तिने लिहिलं, 'सुलभा, पानी', आणि मी खाली सही केली. मग सुकरीला पेला दिला. आधी सही, मग पेला. हा क्रम मला नीट आठवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी आमची आई आली. आमच्याकडे आईला आयीस म्हणतात. तिच्याबरोबर आमच्या पाड्यावरच्या आणखी तिघीचौघी होत्या. आईने आज डोक्यावर विकायचं काही आणलं नव्हतं, हातात फक्त एक गाठोडं होतं. भेटी चालू असताना फाटकावर मी उभी राहत असे, वही घेऊन. तिने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "मंगळी, सुकरी कठं?" तिचे शब्द मला आता जसेच्या तसे लिहिता येत नाहीत, जमतील तसे लिहिते आहे. हीसुद्धा एक शिक्षाच आहे.

"सुलभाला आज भेटता येणार नाही," मी म्हटलं.

"कोन सुलभा?"

"सुकरी. तिचं नाव वहीत आहे. नियम आहे तसा."

"काय करां पोसीनी?" पोरीने काय केलं, असं ती विचारत होती. तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, चोरी केली की काय.

"तिने पाण्याला पानी म्हटलं."

आई विचारात पडली. मग तिच्या तोंडावर थोडं हसू आलं. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं असावं. "मंग पानीला पानीच सांगल ना ती?"

"पानी नाही. पाणी."

"मी पन तेच सांगतंय. पानी."

"पाणी," मी जीभ टाळूला लावून दाखवली. "अशी जीभ वळव. पाणी."

आईने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, तोंड उघडलं, जीभ हलवायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "पानी." मागे उभ्या असलेल्या मुलींपैकी कोणीतरी फिदकन हसलं. मी म्हटलं, "पुन्हा." तिने पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, "अजून एकदा." असं मी माझ्या आईला तीन वेळा म्हणायला लावलं, भर दुपारी, रस्त्यावर, आमच्या पाड्यावरच्या बायांसमोर. ती म्हणत राहिली, कारण तिला वाटलं की हे नीट जमलं तर पोरीला भेटू देतील.

तिसऱ्यांदाही जमलं नाही तेव्हा तिने गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं आणि खाली बघत सांगितलं की उद्या ती आणि बाप जगायला चाललेत. आमच्याकडे सुगी संपली की माणसं मजुरीला लांब जातात, द्राक्षांच्या मळ्यात, विटांच्या भट्टीवर, गुजरातेत, त्याला जगायला जाणं म्हणतात. "होळीपावत यायचा नाय. धाकटीला येक डाव बघू दे. बोलनार नाय मी तिच्याशी. नुसती बघन." होळी म्हणजे चार महिने. मला ते कळलं. मी ते हिशेबात घेतलं, आणि माझ्या मनात काय आलं तेही सांगते: मनात आलं, की आज सोडलं तर उद्या कोणी ऐकणार नाही. फाटकाची कडी माझ्या हाताखाली होती. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा."

आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. बाजारात ओळखीचं वाटून एखाद्याला हाक मारावी आणि तो परका निघावा, तसं काहीतरी तिच्या तोंडावर आलं. तिने पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाली, "बरां. तुमी सांगाल तसां, बाई."

आमच्याकडे आई पोरीला कधी 'तुमी' म्हणत नाही. सासूला म्हणत नाहीत, देवालाही म्हणत नाहीत. आई आयुष्यात तिघांना 'तुमी' म्हणे, जंगलाच्या रखवालदाराला, तलाठ्याला आणि अक्कांना. त्या दिवशी चौथी मी झाले. तिने गाठोडं फाटकाच्या दांड्यांतून आत दिलं, कारण फाटक मी उघडलं नव्हतं, आणि विचारलं, "मंग मी जाव?" तिने माझी परवानगी मागितली. मी मान हलवली. मान वर करून पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या खिडकीत सुकरी उभी होती, गजांना धरून. तिने हाक मारली नाही. हाक कोणत्या भाषेत मारायची हे तिला कळलं नसणार.

संध्याकाळी अक्कांनी विचारलं, आई येऊन गेली का गं? मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "शाबास. स्वतःच्या घरापासून सुरुवात करतो तोच खरा नेता." अक्कांनी माझ्या भातावर रोजच्यापेक्षा जास्त तूप वाढलं आणि मी ते खाल्लं. पुढे कितीतरी वर्षांनी, फार म्हाताऱ्या झाल्यावर, त्या एकदा मला म्हणाल्या, "तेव्हा मी तुला थांबवायला हवं होतं. मला तुझं कौतुक फार होतं गं, तेच नडलं." त्यांनी दोष स्वतःकडे घेतला, पण तो त्यांचा नव्हता.

गाठोड्यात दोन पुरचुंड्या होत्या, सारख्या आकाराच्या, एक माझी आणि एक सुकरीची. नव्या नागलीच्या भाकऱ्या. सुकरीची मी तिला नेऊन दिली. तिने ती घेतली, मांडीवर ठेवली आणि बसून राहिली. त्या दिवसानंतर ती बोलायची थांबली. रडली नाही, आजारी पडली नाही; सांगितलेलं सगळं करी, पाटीवर अक्षरं गिरवी, पण तोंडातून शब्द नाही, ना मराठी ना कोकणी. तहान लागली की माठाकडे बोट दाखवी. मी वहीत लिहिलं की सुलभाचं नाव पुन्हा आलेलं नाही. हे मी खरोखर लिहिलं आहे, आणि वर्षाअखेरच्या सभेत ते वाचूनही दाखवलं आणि टाळ्या घेतल्या. होळीला बाप येऊन तिला घेऊन गेला. सुट्टी संपली, बाकीच्या मुली परत आल्या, सुकरी आली नाही. पाड्यावर पोचून आठवड्याभरात ती बोलू लागली असं कळलं. ती नंतर शाळेत कधीच गेली नाही.

मी शिकले. शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले, नाशिकात घर झालं. आदर्श शिक्षिकेचा सत्कार झाला तेव्हा जुन्या विद्यार्थिनींनी पायांना हात लावले, आणि माझा एक फोटो माझ्या शेवटच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत अजून भिंतीवर आहे. तो कोणी उतरवणार नाही. नातीने विचारलं होतं, तुला काय वाटतं. मला वाटतं, त्या पंतप्रधानांनी देश एक केला हे खरं असेल आणि ते बूटही खरे आहेत, आणि एक दुसऱ्यातून वजा करता येत नाही. माझ्या हातून शेकडो मुली शिकल्या आणि एक बहीण शिकली नाही, तेही तसंच. त्यांच्या बाजूने बोलायचं तर एक गोष्ट आहे. त्यांना निदान त्या मुलांची नावं माहीत नव्हती.

आई शेवटच्या दुखण्यात माझ्याकडे होती. दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी आता त्रास देऊ नका एवढंच सांगितलं. सुकरी गावाकडून आली आणि आईच्या खाटेशेजारी चटई टाकून राहिली. तिलाही तोवर नातवंडं झाली होती. त्या दोघी दिवसभर हळू आवाजात कोकणीत बोलत, मधेच हसत, आणि मी चहा घेऊन खोलीत शिरले की थांबत. माझ्याविषयी काही बोलत होत्या असं नाही. पाहुण्यासमोर माणूस थांबतं तसं. आई माझ्या मुलांना तू म्हणे, माझ्या नवऱ्यालाही थट्टेत कधी तू म्हणे. मला मात्र, "तुमी दमल्या असाल, बसा." फाटकाच्या त्या दुपारपासून तिने मला कधी तू म्हटलं नव्हतं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. तिच्या दृष्टीने मी तीच होते, बाई.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात उभी राहून एक वाक्य मनात जुळवलं. कोकणीतलं. चाळीसेक वर्षांत मी त्या भाषेत धड एक वाक्य बोलले नव्हते, त्यामुळे शब्द एकेक करून शोधावे लागले, आणि जे सापडले त्यातले किती बरोबर हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. मला म्हणायचं होतं, आई, मला तू म्हण, मी तुझी मंगळी आहे. मी आत गेले, तिच्या उशाशी बसले, हात हातात घेतला आणि ते वाक्य म्हटलं. आईने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ हलताना बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं. मग तिने मान वळवून सुकरीला विचारलं, "काय सांगतत बाई?"

सुकरीला सगळं कळलं होतं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती, आणि मी तिच्याकडे, की आता ती सांगेल. मग तिने आईच्या अंगावरची चादर सारखी केली.

"काय नाय, आयीस," ती म्हणाली. "तू नीज."